हंडी एकच असते

मुसलमान बाईचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट समोर आला की डॉक्टरांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं, ‘मटण बंद करा.’ माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, गेल्या वर्षी हेच ऐकावं लागलं. वय ५४, एलडीएल १७२. हा आकडा १०० च्या आत असलेला बरा. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, “मेरे हिस्से में बोटी आतीच कित्ती?”

प्रश्न खरा होता. आमच्याकडे सालन वाढण्याचा एक अलिखित क्रम आहे. आधी पाहुणे, मग घरातले पुरुष आणि मुलं, मग सुना-लेकी, आणि सगळ्यात शेवटी जिने रांधलं ती. तिच्यापर्यंत हंडी येते तेव्हा बोट्या संपलेल्या असतात. उरतो तळाचा मसाला आणि कडेला जमलेली तरी. वाया कशाला घालवायची म्हणून तीच ती भाकरीने पुसून खाते. सकाळी दुधावरची साय तिची, संध्याकाळी मुलांनी अर्धी टाकलेली खारी तिचीच. म्हणजे गोश्त दुसऱ्यांच्या ताटात आणि चरबी हिच्या. अशा बाईला ‘मटण बंद करा’ सांगून काय साधणार?

कोलेस्टेरॉल आपलं लिव्हर स्वतःच बनवतं. आहारातली संपृक्त चरबी जास्त झाली की रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याचं लिव्हरचं काम मंदावतं. ही चरबी मटणात आहे तशी सायीत, तुपात, खोबऱ्यात आणि पामतेलातही आहे. आपल्या बेकरीतली खारी आणि नानकटाई वनस्पती तुपावर उभी असते. २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, हे चांगलंच झालं. पण म्हणून खारी हलकी झाली असं नाही. शिवाय सुट्ट्या खारीवर लेबल कुठे असतं?

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या घरांत उघड बोलली जात नाही. पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं आणि जेवण तेच असूनही एलडीएल चढतं. थायरॉइड मंद असेल तरीही चढतं, म्हणून ती तपासणी सोबत करून घ्यावी. हृदयविकार हा पुरुषांचा आजार, ही समजूत फक्त आपल्या मोहल्ल्याची नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात १२,८६६ माणसं घेतली होती आणि ती सगळी पुरुष होती. आपल्याकडे बाईला दम लागला, जबडा दुखला तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा दिला जातो.

काही वर्षांपूर्वी दूल्हाभाईंची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा आपाने आठ दिवसांत अख्खं स्वयंपाकघर बदललं होतं. स्वतःची पाळी आली तेव्हा तिने वेगळ्या पातेल्यात बिनतेलाचा दुधी शिजवला, तोही बाराच दिवस. एवढ्यांचं रांधून झाल्यावर स्वतःसाठी पुन्हा चूल कोण पेटवणार? म्हणून माझं म्हणणं असं, की पथ्य हिच्या वाटीत नको, सगळ्यांच्या हंडीत पाहिजे.

त्यासाठी परकं काही आणावं लागत नाही. आपला दालचाच घ्या. पाव किलो मटणात भरपूर चणाडाळ आणि दुधी घातला की सहा माणसं जेवतात. मटण आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी वर पांढरा थर जमतो, तो चमच्याने काढून टाकायचा. आपाने पहिल्यांदा काढला तेव्हा ती वाटीकडे बघतच राहिली. मोहरमच्या खिचड्यातले जव वर्षातून एकदाच का खायचे? जव, ओट्स, डाळी, राजमा, इसबगोल यांतला विरघळणारा चोथा आतड्यात पित्तरसाला धरून बाहेर नेतो. मग नवा पित्तरस बनवायला लिव्हर रक्तातलंच कोलेस्टेरॉल वापरतं. तलबीना, म्हणजे जवाच्या पिठाची पेज, हदीसमुळे आपल्याला ओळखीची आहे. साखर न घालता ती सकाळी सगळ्यांनीच घ्यायला हरकत नाही. सोलापूरकडची जवसाची चटणी भाकरीसोबत आहेच. कोकणातल्या नातेवाइकांनी बांगडा तळण्याऐवजी तिखल्यात घालावा आणि नारळाचं दूध जरा बेताने.

दूल्हाभाई कुरकुरले. “ये क्या बीमारों का खाना” असंही ऐकवून झालं. पण डाळ जास्त झालेला दालचा त्यांनी दोनदा मागून घेतला, हे मी पाहिलंय. चार महिन्यांनी आपाचा एलडीएल १४८ आला. डॉक्टरांनी तरीही एक गोळी सुरू केली आणि आपा ती घेते. काहींना जेवण कितीही सुधारलं तरी गोळी लागतेच. घराण्यातूनच कोलेस्टेरॉल येत असेल, आकडा १९० च्या वर असेल, तर फक्त जवसावर विसंबून राहू नये.

आता रमजान जवळ आलाय. इफ्तारीच्या भज्यांचं आणि समोशांचं काय करायचं, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. चण्याची चाट करू असं आपा म्हणते. मुलं गप्प आहेत.