परतीची बोट

एप्रिल निम्मा सरला की नंदुरबारातली घरं रात्री गच्चीवर राहायला जातात. खाली भिंती ऊन ओकत असतात, पंखा तीच गरम हवा ढवळत बसतो. वर सतरंज्या अंथरलेल्या, कोपऱ्यात माठ आणि माठाशेजारी सुट्टीचे बेत. दिवसा बेत जमत नाहीत. पारा 43-44च्या घरात असला की माणूस सावलीपलीकडचा विचार करत नाही. बेत रचायचे ते रात्री, वारा सुटल्यावर. त्यांना पैसा लागत नाही, रजेचा अर्ज लागत नाही आणि घराबाहेर पाऊल टाकण्याआधीच सहलीचं निम्मं सुख पदरात पडतं.

पूर्वी हे बेत फार लांब जात नसत. मामाचं गाव, वणीचा गड, फार झालं तर रेल्वेनं सुरत. तोरणमाळ म्हणजे चैन. सातपुड्यात हजार मीटरांहून उंच, यशवंत तलावाच्या काठी, मे महिन्यातही पहाटे चादर ओढावी लागते याचंच अप्रूप. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये निळं पाणी. पुण्याला नोकरी करणारी भाची यंदा चार दिवस आली आणि पहिल्याच रात्री म्हणाली, “मामा, या वेळी बेटावर जाऊ. गोझोला.”

आईनं अंथरुणावरूनच विचारलं, “तठे आपलं कोन शे?”

खानदेशी माणसाचा हा पहिला प्रश्न. जिथं आपलं कुणी नाही तिथं मुक्काम कशाला करायचा, हे तिला अजून उमगलेलं नाही. भाची हसली आणि बेत सुरू झाला.

गोझो हे भूमध्य समुद्रातलं माल्टा देशाचं धाकटं बेट. क्षेत्रफळ 67 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात मावेल एवढं. विमानं बदलत माल्टा गाठायचा, तिथून बोटीनं साधारण 25 मिनिटांत गोझो. युरोपचा शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, सोबत 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, बँक खात्याचे उतारे, परतीचं तिकीट. हा परतीच्या तिकिटाचा मुद्दा मला फार आवडला. माणूस आत येण्याआधी जाणार कसा, हे त्या लोकांना पाहून घ्यायचं असतं.

पाहायला काय आहे? पाच हजार वर्षांहून जुनी दगडी मंदिरं आहेत, इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. समुद्रात उभी असलेली खडकाची एक प्रचंड कमान होती. 8 मार्च 2017 रोजी वादळात ती कोसळली. शिवाय किनाऱ्याच्या खडकात कोरलेली मिठागरं. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्या कोरड्या उन्हात खाचांमधलं समुद्राचं पाणी आटतं आणि माणसं वाकून मीठ गोळा करतात. पाहुणे छत्रीखाली पडून असतात तेव्हा बेटकऱ्यांची सुगी चाललेली असते. बेटावर बारमाही नदी नाही. पिण्याचं पाणी बऱ्याच अंशी समुद्राचं खारेपण काढून मिळवावं लागतं. हे ऐकून आई उठून बसली. चहूकडे पाणी आणि प्यायला नाही, हे दुःख तिला लगेच कळलं.

गोझोची आणखी एक गोष्ट भाचीनं सांगितली. होमरच्या महाकाव्यात युद्धावरून घरी निघालेला ओडिसियस एका बेटावर अडकतो. कॅलिप्सो नावाची अप्सरा त्याला सात वर्षं ठेवून घेते. ते बेट गोझोच, असं तिथले लोक मानतात. खाणंपिणं, रूपवती सोबत, अमर होण्याचं वचन, सगळं पायाशी. तरी हा गडी रोज किनाऱ्यावर बसून घराच्या आठवणीनं रडतो. कारण त्याच्याजवळ बोट नाही. शेवटी झाडं तोडून स्वतः तराफा बांधतो तेव्हा सुटतो.

आणि इथं माझं मन गोझोवरून निघालं ते थेट धडगावच्या पलीकडे येऊन थांबलं. बेटं आपल्या जिल्ह्यातही आहेत. समुद्र नाही, पण बेटं आहेत.

अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या उत्तरेला नर्मदा वाहते, म्हणजे वाहायची. आता तिथं सरदार सरोवराचं साठलेलं पाणी आहे. धरण गुजरातेत, फुगवटा मागे 200 किलोमीटरांहून लांब आणि त्याखाली महाराष्ट्रातली 33 गावं. मणिबेली, डनेल, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण, भुषा. मणिबेलीत पाणी शिरलं ते 1993च्या पावसाळ्यात. 2019च्या सप्टेंबरात धरण प्रथमच 138.68 मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. पाणी चढत गेलं तशी शेतं गेली, पायवाटा गेल्या आणि डोंगरांचे माथे तेवढे वर राहिले. त्यांना तिथले लोक टापू म्हणतात. सरकारी कागदांतही टापूग्रस्त असा शब्द आहे. बरीच कुटुंबं खाली तळोदा-शहाद्याकडे रेवानगर, नर्मदानगर, रोझवा अशा वसाहतींत आली. काही वरच राहिली.

भूमध्य समुद्रातलं बेट बारा महिने बेट असतं. आपला टापू पावसाळ्यात बेट होतो. धरणाची पूर्ण पातळी आणि कमीत कमी पातळी यांत 28 मीटरांचं अंतर आहे. उन्हाळ्यात पाणी उतरतं, डोंगराच्या कमरेला मातकट पट्टा उघडा पडतो, बुडालेल्या झाडांचे काळे सांगाडे वर येतात. गुडघाभर गाळातून वाट काढल्याशिवाय बोटीत पाय ठेवता येत नाही. समोर अथांग पाणी आणि वरच्या पाड्यावरची बाई हंडा घेऊन झऱ्याकडे उतरते आहे, हेही याच दिवसांतलं दृश्य.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा कुटुंबांना मे महिना म्हणजे सुट्टी नव्हे. आधी मोहाची फुलं वेचायची, मग आमचुराचा हंगाम. अख्खं घर कैऱ्यांच्या ढिगाभोवती बसतं. एक जण सोलतो, एक जण फोडी करतो, पोरं घराच्या कौलांवर, खाटेवर, खडकावर त्या पसरतात. दोन-चार दिवसांत हिरवट पांढऱ्या फोडी आक्रसून कडक होतात. अशात वळवाची एक सर आली तर फोडी काळ्या पडतात आणि धडगावच्या बाजारात व्यापारी भाव पाडतो. म्हणून सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. गोझोच्या मिठागरावरचा माणूस आणि धडगावचा पावरा एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण उन्हाळ्यात दोघांना धास्ती एकच, पाऊस नको.

पुढचं सगळं मात्र वेगळं. माल्टा आणि गोझोच्या मधली बोट दिवसरात्र चालते. टापूवरून बाहेर पडायला जी होडी मिळेल ती खरी. तरंगता दवाखाना आहे, पण तो आपल्या फेऱ्यांच्या वेळेनं येणार. 2020च्या टाळेबंदीत आजाराच्या भीतीनं बाया-पोरं अंगणवाडीत येईनाशी झाली, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मच्छीमाराची होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत अलीगट आणि दादर या पाड्यांवर जायला लागल्या. जाता-येता 18 किलोमीटर. तान्ह्या मुलांची वजनं करायची, गरोदर बायकांना आहार पोचवायचा आणि हात भरून आलेले असताना पुन्हा वल्हं धरायचं. ओडिसियसनं तराफा स्वतःच्या सुटकेसाठी बांधला. या बाईची होडी दुसऱ्यांच्या दारी जात होती.

त्या रात्री मला पटलं ते एवढंच. बेटाचं सुख निळ्या पाण्यात नाही, ते परतीच्या बोटीत आहे. संध्याकाळी बोट सुटणार हे नक्की असतं म्हणून दिवसभर वाळूत लोळता येतं. ती खात्री काढून घेतली की तेच बेट कोंडवाडा होतं. चार दिवस जगापासून तुटून राहण्याची हौस ज्याला असते, त्याचं जगाशी नातं पक्कं असतं. कायम तुटलेल्याला ती हौस परवडत नाही.

मग गोझोचं काय? भाचीच्या यादीत ते आहे आणि राहू द्या. लांबचे बेत करावेत, त्यानं माणूस तरतरीत राहतो. पण यंदाचा आमचा बेत भुषाचा ठरला. शहाद्याहून घाट चढून धडगाव, तिथून डोंगर उतरत नर्मदेचा काठ. पोचायला अर्धा दिवस, व्हिसा नाही, विमा नाही. आईच्या प्रश्नालाही तिथं उत्तर आहे. दर वर्षी आमच्याकडे आमचूर आणून देणारं पावरा कुटुंब त्याच बाजूचं. आम्ही येतोय म्हटल्यावर निरोप आला, “या, पण कैऱ्या सोलायला हात रिकामे ठेवून या.” सहलीचं इतकं चांगलं आमंत्रण मला कुठल्या जाहिरातीत दिसलेलं नाही.

तुम्हीही याल. भुषाकाठची ती निळी वळणं आता बऱ्याच जणांच्या फोनवर पोचली आहेत, गर्दी वाढणारच. म्हणून आधीच सांगून ठेवतो. 2019च्या मकरसंक्रांतीला याच काठाजवळ गच्च भरलेली बोट उलटली आणि माणसं बुडाली. तेव्हा जीवरक्षक जॅकेट अंगावर चढल्याशिवाय बोटीत बसू नका आणि नावाडी पुरे म्हणाला की एकही माणूस जास्त चढवू नका. जेवण सोबत बांधून नेऊ नका, पाड्यावर सांगून करवा आणि मागतील तो दाम द्या. आमचूर तिथंच घ्या, भाव पाडू नका. बाटल्या, पिशव्या परत आणा. आणि घरी आल्यावर फोटो जिथं टाकाल तिथंच एक ओळ आणखी लिहा, की या काठाला ठरलेल्या वेळेची, बारा महिने चालणारी बोट हवी आहे. ती पाहुण्यांसाठी नको, तिथं राहणाऱ्यांसाठी हवी.