खरा सूर कुठल्या प्रतीत?

जुनी प्रत तेवढी अस्सल, बाकी सगळ्या नकला, असं रेकॉर्डवेडी मंडळी ठासून सांगतात. त्यांच्यापुढे माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ठेवावी.

ही एलपी १९५९ची. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्चला न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत वाजवल्या गेल्या. तेव्हा मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो! त्यामुळे ती बाजू चढ्या सुरातच छापली गेली आणि तीसेक वर्षं तशीच विकली गेली. सोबतच्या राखीव टेपचा वेग मात्र बरोबर होता. तिच्यावरून १९९२ साली सीडी निघाली, पुढे एलपीही.

माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या एलपी आहेत. 'सो व्हॉट' लावून पेटीवर सा शोधला. नव्या प्रतीत तो पांढरी दोनवर नेमका बसतो. जुनीत पांढरी दोन आणि काळी दोन यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळतो. जुनीतला ट्रम्पेट जरा उजळ, उतावळा, नवीतला निवांत.

वादकांनी वाजवलं ते नव्या प्रतीत आहे, यात वाद नाही. पण जग ज्या संगीताच्या प्रेमात पडलं, ते चढ्या सुराचंच होतं ना? ते प्रेम खोटं कसं म्हणायचं?

असो. अभ्यासाला मी नवी लावतो. रात्री एकटा असलो की हात जुनीकडेच जातो.