उशा राहिल्या, माणसं गेली

माद्रिदमध्ये लोपे दे वेगाचं घर सेर्वान्तेसच्या नावाच्या रस्त्यावर आहे, आणि सेर्वान्तेसला जिथे पुरलं तो मठ लोपे दे वेगाच्या नावाच्या रस्त्यावर. हयातीत एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन लेखकांची नगरपालिकेने केलेली ही अदलाबदल मला तरी फार आवडली. लोपेने हे घर 1610 साली विकत घेतलं आणि 1635 मध्ये तो इथेच वारला. वरच्या मजल्यावर त्याची अभ्यासिका आहे, खासगी प्रार्थनागृह आहे आणि बायकांची बैठक आहे. या बैठकीला ‘एस्त्रादो’ म्हणत. जमिनीपासून थोडा उंच लाकडी ओटा, त्यावर गालिचा, त्यावर उशा आणि हिवाळ्यात शेजारी निखाऱ्यांची शेगडी. खुर्च्या पुरुषांसाठी, बायका उशांवर मांडी घालून बसत, शिवणटिपण करत, पाहुण्यांना भेटत. बसण्याची ही रीत मुस्लिम राजवटीतल्या अंदालुसियाची. घराचा मालक मात्र इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, मानद सेवक, आणि 1614 पासून दीक्षा घेतलेला धर्मगुरू. त्याने घर घेतलं त्याच वर्षी कास्तील आणि अंदालुसियातून मोरिस्कोंना, म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर काढलं जात होतं. 1609 ते 1614 या काळात सुमारे तीन लाख माणसं गेली.

स्पेनच्या जुन्या घरांमधून फिरताना अशी सरमिसळ पावलोपावली दिसते आणि तिचा एक ठरीव अर्थ प्रवाशाच्या हाती दिला जातो: ख्रिस्ती, मुस्लिम आणि ज्यू हे तीन धर्म इथे एकत्र नांदले, ही त्याचीच खूण. हा अर्थ ऐकायला गोड आहे, पण मला तो पटत नाही. घरातली वस्तू जवळ करणं आणि ती ज्यांच्याकडून आली त्या माणसांना जवळ करणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या स्पेनने पहिली गोष्ट अगदी मनापासून केली, म्हणून दुसरीही केली असं होत नाही. उलट, माणूस नजरेआड झाला की त्याची वस्तू वापरणं सोपं जातं, असंच इथलं घरसामान सांगतं.

कुणी म्हणेल, लोपेच्या घरातली ती खोली विसाव्या शतकात पुन्हा मांडलेली आहे; तिच्यावर एवढा भार कशाला? आक्षेप रास्त आहे. तिथलं बरंचसं सामान त्या काळचं असलं तरी त्या घराचं नाही. मादाम दोल्नुआ या फ्रेंच बाईंचं 1691 चं प्रवासवर्णनही साक्षीला काढता येत नाही. स्पेनमधल्या बायका जमिनीवर कशा बसतात हे त्यांनी रंगवून सांगितलं आहे, पण बाई स्पेनला गेल्या तरी होत्या का, याचीच अभ्यासकांना शंका आहे. (प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.) त्याहून भक्कम पुरावा दरबाराचा आहे. राणीसमोर उशीवर बसण्याचा हक्क हा ‘ग्रांदे’ म्हणजे सर्वोच्च सरदारांच्या स्त्रियांचा मान होता. ज्या राजघराण्याने मोरिस्कोंना हाकललं, त्याच्याच दरबारात प्रतिष्ठा मोजली जात होती ती मोरिस्कोंच्या पूर्वजांच्या बैठकीवर.

समुद्रापलीकडून आलेल्या वस्तूंचीही हीच गत. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात चित्रकार वेलास्केसचं 1656 चं ‘लास मेनिनास’ आहे. त्यात एक मानकरीण गुडघा टेकून छोट्या राजकन्येपुढे चांदीची तबकडी धरते आणि तिच्यावर लाल मातीचं इवलंसं भांडं आहे. हा बुकारो. आपल्या माठासारखा तो पाझरतो आणि पाणी गार करतो, वर मातीचा सुगंधही देतो. चित्रातला बुकारो मेक्सिकोत ग्वादालाहाराजवळच्या तोनालाचा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. श्रीमंत बायकांना हे भांडं इतकं प्रिय होतं की त्यातलं पाणी पिऊन झाल्यावर त्या त्याचे तुकडे चघळत. चॉकलेटबरोबर तर त्याचा सगळा सरंजामच आला: फेस काढायची लाकडी रवी, भोपळ्याच्या वाटीवरून घडवलेला पेला, आणि पेला कलंडू नये म्हणून मधोमध कडं असलेली बशी. या बशीला नाव मिळालं ते पेरूचा व्हाइसरॉय मान्सेराचा मार्केस याचं. रवी फिरवणाऱ्या मेक्सिकोच्या बायकांपैकी एकीचंही नाव कशाला लागलं नाही.

माद्रिदहून जलद गाडीने अडीच तासांत सेव्हिल येतं. दुसरा आक्षेप इथे तपासता येतो: हे सारे श्रीमंतांचे चोचले, गरिबांच्या घरी काय होतं? एक पेटी, गवताची गादी, रस्सा शिजवायचं मडकं, फारतर एखादा पितळी खल. सेव्हिलच्या जुन्या व्यापारी भवनात 1785 साली स्थापन झालेला इंडीजचा, म्हणजे स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींचा, दफ्तरखाना आहे. अमेरिकेत वारलेल्या स्पॅनिश माणसांच्या सामानाच्या याद्या त्यात आहेत. माणूस मेला की त्याच्या चीजवस्तूंचा जाहीर लिलाव होई आणि पैसे वारसांसाठी सेव्हिलला येत. वापरलेले सदरेसुद्धा विकले जात आणि कुणीतरी ते घेई. वस्तू अशा हातोहात खाली उतरत, त्यामुळे श्रीमंतांची आवड त्यांच्या उंबरठ्याशी थांबत नसे. पण गरिबाचं स्वयंपाकघर माझ्या म्हणण्याला आणखी एका बाजूने बळ देतं. तरुण वेलास्केसने याच शहरात सुमारे 1618 मध्ये एक सावळी मोलकरीण रंगवली. खल, लसूण, उपडी भांडी, आणि त्यांच्यात वाकलेली ती. हे चित्र आज डब्लिनला आहे. 1565 च्या गणनेनुसार सेव्हिलच्या सुमारे 85 हजार वस्तीत सहा हजारांहून जास्त गुलाम होते. हाकलली न गेलेली माणसं घरात होती, पण भांड्यांच्या रांगेत.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड आहे. एस्त्रादो तोवर स्पॅनिशच झाला होता, त्याचं मूळ कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग ढोंग कसलं? याचं उत्तर ग्रनादात, अल्बाइसिनच्या चढावर मिळतं. जुनी मोरिस्को घरं इथे अजून उभी आहेत: बाहेर कोरी भिंत, आत चौक आणि पाण्याचं कुंड. 1567 मध्ये दुसऱ्या फिलिपच्या हुकमाने इथल्या लोकांची अरबी भाषा, पोशाख, बायकांची ओढणी आणि हमाम यांवर बंदी आली. तेव्हा फ्रान्सिस्को नून्येस मुले या वृद्ध मोरिस्को सरदाराने अर्ज केला. त्याचा युक्तिवाद साधा होता: कपडे प्रांताचे असतात, धर्माचे नसतात. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात आणि तिकडचाच पोशाख करतात, तरी ख्रिस्ती असतात; शिवाय गरिबांनी नवे कपडे आणायचे कुठून? एस्त्रादोच्या बाजूने जे आज आपण म्हणतो, तेच तो स्वतःच्या माणसांसाठी म्हणत होता. अर्ज नामंजूर झाला. 1568 च्या नाताळच्या आदल्या रात्री बंड पेटलं, ते मोडल्यावर ग्रनादातून हजारो मोरिस्कोंना कास्तीलमध्ये नेऊन विखुरलं गेलं. मूळ विसरण्याची सवलत वस्तूला मिळत होती, माणसाला नाही. इन्क्विझिशनच्या फर्मानांत शनिवारी धुतलेला सदरा घालणं, स्वयंपाकात चरबीऐवजी तेल वापरणं हे ज्यू असल्याचे पुरावे म्हणून येतात. गोव्याच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. 1736 च्या पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या फर्मानाने तिथल्या ख्रिस्ती घरांतली तुळस आणि बिनमिठाचा भात असाच गुन्ह्यात धरला होता.

हे सारं राज्यकर्त्यांच्या नकळत घडत होतं, असंही म्हणता येत नाही. व्हालेन्सियातून मोरिस्कोंना काढण्याचं फर्मान 22 सप्टेंबर 1609 रोजी निघालं. अंगावर वाहता येईल तेवढंच सामान न्यायची मुभा होती. घरं, साखरेच्या घाण्या, भातशेती आणि पाटबंधारे चालू राहावेत म्हणून शंभरातली सहा कुटुंबं मागे ठेवावीत, असं एक कलम होतं. आणि जे नेता येत नाही ते कुणी पुरलं किंवा घर जाळलं, तर शिक्षा मृत्युदंडाची होती.