कोशिंबीर आणि कोसंबरी

मराठी ताटात कोशिंबिरीची जागा डावीकडे. मीठ, लिंबू, चटणी आणि मग ती. उजवीकडच्या भाजी-उसळीला जो मान, तो तिला नाही. पानात चमचाभर पडली की वाढपी पुढे सरकतो आणि दुसऱ्यांदा तिची चौकशी सहसा होत नाही. आमच्या विद्यानगरातल्या घरी मात्र गेली तीन वर्षे रात्रीच्या जेवणात तिलाच मुख्य स्थान मिळाले आहे. निमित्त माझ्या रक्तातल्या साखरेचे. डॉक्टरांनी भात कमी करायला आणि कडधान्ये व कच्च्या भाज्या वाढवायला सांगितले. पथ्य म्हणून आलेली ही वाटी पुढे घरातल्या निराळ्याच दुखण्यावर उपयोगी पडली, ते सांगायचे आहे.

कानडीत तिला कोसंबरी म्हणतात. दोन शब्दांतले नाते कोणाच्याही कानाला कळावे. रामनवमीला कानडी शेजारी पानक आणि कोसंबरी देतात. भिजवलेली मूगडाळ, काकडी, ओले खोबरे आणि वर मोहरीची फोडणी. आमच्याकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हे आणि वाटली डाळ. हरभऱ्याची डाळ, कैरी आणि फोडणी तीच. दोन्हीकडे डाळ भिजते, शिजत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा माझी आई शाळकरी मुलगी होती. त्यानंतरच्या चैत्रातही भिंतीवरून वाट्या पूर्वीसारख्याच इकडून तिकडे गेल्या, असे ती सांगते.

आज आमच्या घरात चार पिढ्या आहेत. सून दावणगेरेची, तिच्या माहेरची भाषा कानडी. सात वर्षांची नात इंग्रजी माध्यमात शिकते. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर आणि आईशी कानडी. मराठीच्या वाट्याला उरतो आम्हा म्हाताऱ्यांचा सहवास. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच चित्र असेल. ‘घरात मराठीच बोला’ असे फर्मान काढून भाषा टिकत नाही, हे शाळेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. भाषेला काम दिले तर ती टिकते.

हे काम कोशिंबिरीने दिले. मूग निवडायचे, भिजवायचे, सकाळी उपसायचे, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे. काकडी चोचवायची, दाणे कुटायचे, लिंबू पिळायचे आणि शेवटी सगळे हलक्या हाताने कालवायचे. एका वाटीत किती क्रियापदे आहेत पाहा! कालवणे आणि ढवळणे यांतला फरक मी व्याकरणाच्या तासाला सांगितला असता, तर नातीने जांभई दिली असती. पणजीच्या शेजारी पाटावर बसून तिला तो हाताने कळला. ती सुनेकडून त्याचेच कानडीही उचलते. मूग म्हणजे हेसरुकाळु, काकडी म्हणजे सवतिकाई, फोडणी म्हणजे वग्गरणी. एका भाषेने दुसरीची जागा खाल्ली, असे मला तरी दिसले नाही.

मागच्या वर्षी सुनेने या वाटीत एक नवा पाहुणा आणला. अ‍ॅव्होकॅडो. आपल्याकडे त्याला बटर फ्रूट म्हणतात, कानडीत बेण्णे हण्णु, म्हणजे लोणीफळ. कोडगू आणि चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत ही झाडे असतात. आईने फळ हातात घेऊन विचारले, “हा कसला गं पेरू?” सुनेने चमचाभर गर तिच्यापुढे धरला. चाखून आई म्हणाली, “याला स्वतःची चव नाही. पण बिनदातांच्या माणसाला बरं आहे.”

मग सुनेने तिच्यासाठी निराळी वाटी करायला सुरुवात केली. मऊ उकडलेली चवळी, त्यात कुस्करलेला गर, लिंबू, मीठ, कोथिंबीर आणि किंचित मिरची. दात गेल्यापासून आईने कोशिंबीर सोडली होती, ती पुन्हा खाऊ लागली. आमच्या वाटीत मोडाचे मूग, कांदा, काकडी, टोमॅटो आणि या गराच्या फोडी. वयस्कर माणसांसाठी आणि लहान मुलांसाठी मोडाचे मूग वाफवूनच घ्यावेत. चवळीऐवजी राजमा घेतलात, तर रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये पुरता शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवतो.

हे फळ झाडावर पिकत नाही, उतरवल्यावर पिकते. कच्चे मिळाले तर पिकत्या केळ्यांबरोबर कागदात गुंडाळून ठेवावे. तीन-चार दिवसांत बोटाने दाबले की दबते. चिरलेले वांगे काळे पडते तसा याचा गरही हवा लागून काळपटतो, म्हणून चिरताच लिंबू पिळावे. शंभर ग्रॅम गरात सुमारे पंधरा ग्रॅम स्निग्धांश आणि सात ग्रॅम तंतू असतात; साखर जवळजवळ नसते. तेवढ्याच कोरड्या मुगात सुमारे चोवीस ग्रॅम प्रथिने असतात.

“परदेशी फळ कशाला?” असे एक स्नेही म्हणाले. त्यांच्या ताटात ब्याडगी मिरचीची चटणी होती. मिरची, टोमॅटो, भुईमूग, राजमा हे सगळे अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले. हे फळ तिथलेच, मूळ मेक्सिकोकडचे. एवढेच की आपल्या स्वयंपाकघरात उशिरा पोचले. अर्थात ते स्वस्त नाही आणि रोज लागतही नाही. एरवी आमच्याकडे दाण्याचे कूट असते, नाहीतर कारळ्याची पूड, जिला इथे गुरेळ्ळु म्हणतात. कोशिंबिरीला स्निग्धपणा हवा, तो कुठून आणायचा हे ज्याच्या त्याच्या खिशाने ठरवावे.

माझी साखर आता आटोक्यात आहे. त्यात या वाटीचा वाटा आहे, तसा गोळ्यांचा आणि रोजच्या चालण्याचाही. पण मला खरा आनंद झाला तो परवा पहाटे. नात अंथरुणातून उठून थेट स्वयंपाकघरात गेली आणि पणजीला विचारती झाली, “अज्जी, मूग उपसू का?” ‘उपसणे’ हा शब्द तिच्या कोणत्याही पुस्तकात अजून आलेला नाही.

दिवाळीच्या फराळाने चार दिवसांत पोट जड होते. पाडव्याच्या रात्री वाटीभर मूग भिजत घाला, आणि सकाळी उपसायला घरातल्या सर्वांत लहान हातांना बोलवा.