भलत्याच पत्त्यावर

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या उत्तर टोकाला, रोटोटुनात राहणाऱ्या एका मराठी बाईंना एका सकाळी कुणा नामसाधर्म्य असलेल्याचा तपासणी अहवाल ईमेलनं आला. दोन ओळी वाचल्यावर कळलं, हा आपला नव्हे. त्यांनी पाठवणाऱ्याला कळवलं, मेल काढून टाकला. त्या दोन ओळी मात्र मनातून जाईनात.

न्यूझीलंडनं ही चूक फार मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. मार्च २०१३मध्ये भूकंप आयोगाकडून ख्राइस्टचर्चच्या भूकंपग्रस्तांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांची फाइल भलत्याच माणसाला गेली. पत्ता टंकताना संगणकानं उरलेली अक्षरं आपणहून भरली होती. आधी सांगितलं गेलं, ९,७०० दावेदार. निघाले सुमारे ८३,०००. प्रत्येक आकड्यामागे कुणाचं तरी तडकलेलं घर होतं.

डिसेंबर २०२०पासून नवा गोपनीयता कायदा लागू झाला. अशी माहिती बाहेर जाऊन गंभीर हानीची शक्यता असेल, तर गोपनीयता आयुक्तांना आणि संबंधित माणसाला कळवणं आता बंधनकारक आहे. हे फार आधीच व्हायला हवं होतं.

पण ज्याच्या हाती परक्याचं दुखणं येतं, त्याचं काय?

रोटोटुनातल्या बाईंना अजून त्या अहवालातल्या माणसाची काळजी वाटते. पुढं उपचार सुरू झाले का, हे विचारता येत नाही, आणि विचारूही नये. तो हॅमिल्टनमध्येच राहतो की ऑकलंडला, एवढंही त्यांना ठाऊक नाही.