जीपचा दम आणि कारणाचा शोध

निवासी शाळेत जीप ही चैनीची वस्तू नसते. बाजारहाट, धान्य आणि गॅसच्या टाक्या ही तिची दिवसाची कामे. रात्रीचे काम एकच, आजारी मुलाला दवाखान्यात नेणे. कळमनुरीहून हिंगोली जवळ आहे, परंतु मोठ्या उपचारासाठी नांदेड गाठावे लागते. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आपल्या जुन्या जीपचा दम कमी होऊ लागला, तेव्हा तो प्रश्न केवळ वाहनाचा राहिला नाही.

एका रात्री तापाने फणफणलेल्या सातवीतील मुलाला घेऊन निघालो असता चढावर गाडी ओढेना. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून हवा सुटल्याचा आवाज येई आणि मागे काळा धूर निघे. मुलगा वेळेत पोहोचला, बराही झाला. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मात्र प्रत्येकाचे मत निराळे होते. कोणी टर्बो बदला म्हणाले, कोणी गाडीच विकून टाका म्हणाले. संस्थेचा पैसा हा लोकवर्गणीचा पैसा. तो अंदाजावर खर्च करणे योग्य नव्हते. आपल्याच शाळेतून शिकून गेलेल्या आणि आता गॅरेज चालविणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावले. तो म्हणाला, “सर, आत्ताच काही विकत आणू नका. हवा कुठून जाते, ते आधी पाहू.”

इंजिनाला इंधनाइतकीच हवेची गरज असते. हवा दाबून आत घालण्याच्या युक्तीला सुपरचार्जिंग म्हणतात. काही मोटारींत हे काम इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर करतो. आपल्याकडील बहुतेक डिझेल गाड्यांत ते बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा टर्बो करतो. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. परंतु हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे तोंड गरम होते, तसेच. तापलेली हवा विरळ होते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाळी असते, तिचे नाव इंटरकूलर. १२० अंशांची हवा ६० अंशांवर आली, तर त्याच दाबाला तेवढ्याच जागेत सुमारे १८ टक्के अधिक हवा मावते. ही हवा वाटेतच गळाली, की डिझेल पुरते जळत नाही. त्या रात्रीचा काळा धूर तोच होता.

त्याने पाइपांची तोंडे बंद केली, कॉम्प्रेसरने बेताची हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी सोडले. एका रबरी होजवर बुडबुडे उठले. जाळी जेथे प्लॅस्टिकच्या टाकीत दाबून बसविलेली असते, तेथेही उठले. टर्बोचा दांडा त्याने बोटांनी हलवून पाहिला; तो ठीक होता. पाइपात ऑइलचा पातळ थर होता, परंतु साचलेले ऑइल नव्हते. तसे असते तर ते कोठून येते हे शोधल्यावाचून नवा इंटरकूलर बसविण्यात अर्थ नव्हता, कारण तोही भरला असता. आणि साचलेले ऑइल इंजिनाने ओढले, तर चावी फिरवूनही डिझेल इंजिन थांबत नाही.

दुरुस्ती की बदल? संपूर्ण ॲल्युमिनियमचा इंटरकूलर असता तर आर्गन वेल्डिंगने चीर सांधता आली असती. प्लॅस्टिकच्या जुन्या टाकीला लावलेला लेप उष्णता आणि दाब फार दिवस सोसत नाही. भंगार बाजारात स्वस्त माल मिळाला असता. पण तो कोणत्या अपघातातून आला, त्याच्या पोटात तुटलेल्या टर्बोचे तुकडे आहेत काय, हा इतिहास कोण सांगणार? इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हा युक्तिवाद तत्काळ पटला. आम्ही नवा इंटरकूलर, नवा होज आणि नव्या क्लिपा घेतल्या. टर्बो बदलला नाही, गाडीही विकली नाही.

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य होते आणि तरुणांच्या तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्या खात्याकडे होते. तरीही हातांनी मिळविलेले ज्ञान पुस्तकी ज्ञानाहून हलके, ही जुनी समजूत आपल्या घरांतूनही अजून गेलेली नाही. त्या दिवशी तेलकट हातांच्या त्या विद्यार्थ्याने पुरावा पाहिल्यावाचून निष्कर्ष काढला नाही. संशोधन याहून वेगळे काय असते?

जुना इंटरकूलर कापून आपण विज्ञानाच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. उन्हाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर जाळीतील चिखल व किडे काढणे आणि क्लिपा तपासणे, ही नोंद आता गाडीच्या वहीत होते. माजी विद्यार्थ्यांना विनंती एवढीच, की आपण जे काम करता, ते वर्षातून एक दिवस येऊन या मुलांना दाखवावे. पालकांनीही त्या दिवशी मुलांसोबत बसावे.