पुन्हा खेळा

आमच्या लेकीने नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी गेम बनवला होता. होडी चालवायची, मासे पकडायचे, खडक चुकवायचे. लाइफ तीन. पायथनमध्ये, पायगेम वापरून, दोन महिने ती रात्री जागत होती आणि आम्ही दोघं कुरकुरत होतो. प्रदर्शन झालं की लॅपटॉप कपाटात, हे आमचं ठरलेलंच होतं.

पहिला मुलगा झोकात खेळला. दुसऱ्याने 'पुन्हा खेळा' दाबलं, तर त्याच्या नावावर आधीच्याचे गुण, समुद्रात एकही मासा नाही आणि लाइफ शून्य. खेळ सुरू होताच संपला. रांगेतली मुलं हसली. मग दर मुलामागे गेम बंद करून नव्याने उघडत तिने दिवस काढला. घरी येऊन जेवली नाही. म्हणाली, "अम्मी, सगळं पुसून टाकते."

आम्हाला कोडमधलं काही कळत नाही. किराणा दुकानाच्या वह्या तेवढ्या कळतात. म्हटलं, नवा डाव सुरू होताना काय काय बदलायला हवं ते कागदावर लिही. गुण, लाइफ, वेग, मासे, खडक, वेळ... अशा आठ गोष्टी निघाल्या. आठही कोडमध्ये आठ ठिकाणी विखुरलेल्या. 'पुन्हा खेळा'त तिला आठवल्या होत्या दोनच, आणि त्याही फसल्या होत्या. माशांची सुरुवातीची लिस्ट तिने वेगळ्या नावाने जपून ठेवली होती. पण पायथनमध्ये लिस्टला दुसरं नाव दिलं म्हणून दुसरी लिस्ट तयार होत नाही. इकडे मासा पकडला की तिकडूनही जायचा. आणि पायगेमचं घड्याळ पायगेम सुरू झाल्यापासून मोजतं, त्याला डावाशी देणंघेणं नाही.

आम्ही म्हणालो, बेटा, एक एप्रिलला आपण जुनी वही खोडत बसतो का? नवी काढतो. पुढे ओढतो ती फक्त शिल्लक आणि उधारी.

ती बराच वेळ गप्प होती. मग 'डाव' नावाचा एक क्लास लिहायला बसली. त्या आठही गोष्टी त्यात; मासे दर वेळी नव्याने तयार होणार, डाव कधी सुरू झाला तेही तिथेच नोंदवणार. 'पुन्हा खेळा' म्हणजे आता जुना डाव टाकून नवा बनवणं, बस्स. चित्रं, आवाज, खिडकी आणि उच्चांक मात्र बाहेर, ते एकदाच.

आणखी एक घोळ तिचा तिलाच सापडला. खेळ संपल्यावर ती त्याच फंक्शनच्या पोटातून पुन्हा तेच फंक्शन बोलवत होती, म्हणजे डावात डाव, त्यात डाव. आता बाहेर एकच लूप आहे. सध्या मेनू चालू आहे, खेळ चालू आहे की संपलाय, एवढं तो बघतो.

या सगळ्याला आठवडा गेला. प्रदर्शन केव्हाच संपलं होतं, बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं होतं. शेवटची तपासणी दादींनी केली. चष्मा पुसून त्या बसल्या आणि दर वेळी पहिल्याच खडकावर होडी घालत त्यांनी अकरा वेळा 'पुन्हा खेळा' दाबलं. अकराही वेळा गुण शून्य, लाइफ तीन, समुद्र माशांनी भरलेला. बाराव्या वेळी चार मासे मिळाले, तेव्हा त्यांनी धाकट्याला हाक मारून दाखवले.

लॅपटॉप अजून बाहेरच आहे. गेम बंद केला की उच्चांक जातो, म्हणून तो फाइलमध्ये कसा ठेवायचा ते ती शोधतेय. दादी रोज विचारतात.